मशागत आणि राखण

वाचन : उत्पत्ति 2:15, उत्पत्ति 4:1-9, योहान 20:11-16



पुनरुत्थानाचा सण होऊन गेला म्हणजे उपदेशकाच्या घरी एक निवांत दिवस येतो. आठवडाभराच्या उपासना, उत्तम शुक्रवारचे दीर्घ वाचन, रविवारी सूर्योदयापूर्वीची प्रार्थना, प्रभुभोजन, पाहुण्यांची पंगत, हे सर्व आटोपते; आणि सोमवारी उठून पाहावे तो गाव आपापल्या कामास लागलेला असतो. गेल्या सणाच्या दुसऱ्या दिवशी आमच्या वाट्यास असाच एक दिवस आला. त्या दिवशी कोठे जावयाचे नव्हते, कोणास भेटावयाचे नव्हते. सकाळी परसातील वाफे खणावे आणि दुपारी झाडाखाली बसावे, एवढाच बेत होता. तेथे आम्हांस जो धडा मिळाला तो आपणांपुढे ठेवावा म्हणून हे लिहीत आहो. धडा आमच्याच अपराधाविषयीचा आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे.

आमचे घर अहिल्यानगर जिल्ह्याच्या कमी पावसाच्या भागात आहे. या जिल्ह्यास 2024 सालापर्यंत अहमदनगर म्हणत असत. चैत्रात येथे ओढे कोरडे पडतात, विहिरींचे पाणी तळास जाते, रानात हिरवे म्हणून थोडेच उरते. तरी झाडांच्या पालवीचा ऋतू तो हाच. लिंबास कोवळी तांबूस पाने आणि बारीक पांढरा मोहोर येतो. पिंपळ नव्या पानांनी चकाकू लागतो. जमीन तापलेली, पाऊस दोन महिने दूर, आणि झाडे मात्र हिरवी होत आहेत, हे पाहून परक्या मनुष्यास नवल वाटेल. कारण इतकेच की, त्यांचे मूळ आपल्या कुदळीच्या पुष्कळ खाली गेलेले असते.

घरामागे दोन गुंठ्यांचे परसू आहे. मोरीचे सांडपाणी तिकडे वळविले असल्याने उन्हाळ्यातही चार वाफे तग धरतात. परसाच्या पूर्वेस बांध, बांधावर आमच्या तीर्थरूपांनी लावलेला लिंब, आणि बांधापलीकडे वडील बंधूंचे परसू. याच लिंबावरून नाताळाच्या सुमारास आम्हां दोघां भावांत बोलाचाली झाली होती. लिंबाची मुळे व सावली आमच्या वाफ्यांत येते, यास्तव तो पाडावा, असे आमचे म्हणणे. बापाच्या हातचे झाड पाडू नये, असे त्यांचे. शब्दाने शब्द वाढला. जुने हिशेब निघाले, विहिरीच्या पाळीची गोष्ट निघाली, आणि त्या दिवसापासून आमचे बोलणे बंद झाले. रविवारी आम्ही एकाच मंदिरात बसत होतो, एकाच पुस्तकातील गीते गात होतो, आणि दारातून निघताना दोघे दोन वाटांनी जात होतो. पुनरुत्थानाच्या रविवारी दोघांनी एकाच मेजावरचे प्रभुभोजन घेतले, तेही तसेच, एकमेकांकडे न पाहता. इतकेच नव्हे, तर बंधूंस न कळविता आम्ही झाड पाडणाऱ्या एका मनुष्यास मंगळवारी सकाळी येण्यास सांगून ठेविले होते. असे अंतःकरण घेऊन आम्ही त्या सोमवारी कुदळ हाती घेतली.

सकाळी ऊन कोवळे होते. चिंचेवर कोकीळ ओरडत होता. ओरडतो तो नर, काळाभोर. मादी तपकिरी रंगाची, पांढऱ्या ठिपक्यांची, आणि ती बहुधा पानांत दडून असते. दूरच्या उंबरावरून तांबटाचे टुक्-टुक् एकसारखे चालले होते. तांब्याचे भांडे ठोकणाऱ्या कारागिराच्या हातोडीसारखा तो आवाज, म्हणूनच लोकांनी त्यास हे नाव दिले. पक्षी चिमणीहून थोडा मोठा, हिरवा, कपाळी व छातीवर तांबडा. वड-उंबराची फळे हे त्याचे अन्न, आणि वाळल्या फांदीस चोचीने भोक पाडून त्यात तो आपले घर करितो. हे सारे रोज आमच्या कानी पडत होते. पण कानी पडणे निराळे आणि ऐकणे निराळे.

सांडपाण्याच्या वाफ्यात माती मऊ होती. प्रत्येक घावाबरोबर गांडुळे वर येत, आणि दोन साळुंक्या आमच्या मागून चालत ती टिपीत होत्या. गांडूळ हा जीव आपण तुच्छ मानतो. परंतु इंग्लंडातील चार्लस् डार्विन या शोधकाने आपल्या घराभोवतालच्या जमिनीत अनेक वर्षे गांडुळे निरखिली आणि 1881 साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, केवळ त्यांच्या कामावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या देशाच्या पुष्कळ भागांत दर एकरी वर्षास दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या पोटातून जाते, असा हिशेब त्याने मांडला आहे. म्हणजे आपण कुदळ उचलण्याच्या आधीपासूनच देवाच्या शेतात मशागत चालू असते. आपण येतो ते दुसऱ्याने आरंभिलेल्या कामावर.

येथे कोणी उपदेशक बंधू म्हणतील की, वाफे खणणे हे का सेवकाचे काम? त्यांनी विल्यम केरी यांचे स्मरण करावे. याच सद्‌गृहस्थांनी 1805 साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, आणि त्यांच्याच श्रमाने मत्तयाचे शुभवर्तमान त्याच वर्षी मराठीत छापून निघाले. हे श्रीरामपूर बंगालमधले, आपल्या जिल्ह्यातले नव्हे. तेथे त्यांनी मोठ्या आवडीने बाग राखिली होती, आणि 1820 साली या देशातील शेती व बागाईत सुधारावी म्हणून कलकत्त्यास एक मंडळी स्थापिली. एकदा इंग्लंडाहून बियांची एक पिशवी आली. बी काढून घेतल्यावर रिकामी पिशवी त्यांनी बागेत सावलीच्या जागी झटकली. काही दिवसांनी पाहतात तो, पिशवीच्या तळाशी राहिलेल्या चिमूटभर मातीतून त्यांच्या मायदेशाचे डेझी नावाचे लहानसे फूल उगवलेले! व्याकरण लिहिणारा तोच हात माती झटकीत होता, आणि भाषांतराच्या अक्षरांवर खिळणारे तेच डोळे त्या फुलावर खिळले. पाहणारा मनुष्य सर्वत्र पाहतो.

ऊन चढले, तेव्हा आम्ही चौथ्या वाफ्याशी आलो. तेथे गेल्या हंगामाची वांगी होती. शेंडे व फळे पोखरणाऱ्या अळीने झाडे खराब झाली होती. ती उपटून तेथे गवार लावावी, असे मनात होते. चार झाडे उपटली, पाचव्यास हात घातला, तोच मुलांची आई मागून म्हणाली, "अहो, तेवढं झाड राहू द्या. त्यात कुणाचा तरी संसार आहे."

वाकून पाहिले. वांग्याची दोन रुंद पाने कडेस कडा मिळवून शिवलेली होती. शिंपी नावाच्या पक्ष्याचे ते घरटे. हा पक्षी चिमणीहूनही लहान. पाठ हिरवट, डोके तांबूस, शेपटी उभी. चोचीच्या टोकाने तो पानाच्या कडेस बारीक छिद्रे पाडतो, त्यांतून कापसाचा, कोळ्याच्या जाळ्याचा किंवा झाडाच्या तंतूचा धागा ओवतो, आणि पान देठापासून न तोडता त्याचा द्रोण करितो. पान जिवंत राहते, हिरवे राहते, म्हणूनच शत्रूच्या नजरेस पडत नाही. आत कापसाच्या गादीवर तीन पिले होती, डोळे मिटलेली, चोची उघडलेली. अंडी उबविण्यास सुमारे बारा दिवस, आणि पिले उडण्यास त्यानंतर सुमारे दोन आठवडे लागतात. आईबाप दोघेही चारा आणतात. आम्ही मागे सरून एक घटकाभर उभे राहिलो, तेवढ्यात ती जोडी सात वेळा अळ्या घेऊन आली. ज्या किडीमुळे आम्ही ते झाड उपटण्यास निघालो होतो, तिच्याच जातीच्या किडी ते इवलेसे जीव आमच्या वाफ्यातून वेचीत होते.

मोशेच्या नियमशास्त्रात, अनुवादाच्या 22 व्या अध्यायात, वाटेवर आढळलेल्या घरट्याविषयी एक आज्ञा आहे: पिलांवर बसलेली आई पिलांसह धरून नेऊ नये. राजे, न्यायाधीश, युद्धे यांविषयी नियम देणाऱ्या देवाने पाखराच्या घरट्यासाठीही एक नियम राखून ठेविला, हे वाचून आपण सहज पुढे जातो. आपले रेव्हरंड नारायण वामन टिळक पुढे गेले नाहीत. घायाळ होऊन पिलांकडे परतणाऱ्या पक्षिणीवर त्यांनी "केवढे हे क्रौर्य!" ही कविता लिहिली, आणि शाळेत ती शिकलेल्या कित्येक मुलांच्या हातून गलोल गळून पडली असेल. त्या सोमवारी आम्ही ते वांग्याचे झाड ठेविले, व त्याच्या भोवतालची दोन झाडेही आडोशास ठेविली. वाफा अर्धाच लागला.

दुपारी भाकर खाऊन आम्ही सावलीस बसलो. सावली कोणाची? त्याच लिंबाची, जो दुसऱ्या दिवशी पडावयाचा होता. अंगावर बारीक मोहोर गळत होता, वर मधमाश्यांचा गुंजारव चालला होता. थोड्या वेळाने बांधाच्या पाचोळ्यात सातभाई उतरले. या मळकट, करड्या, कलकलाट करणाऱ्या पक्ष्यांकडे कोणी मुद्दाम पाहत नाही. ते नेहमी सातच असतात असेही नाही. कधी पाच, कधी दहा. पण एकटा सातभाई सहसा दिसावयाचा नाही. पाचोळा उलटीत ते किडे टिपीत होते. त्यांपैकी एक मात्र खाली उतरला नव्हता. तो लिंबाच्या आडव्या फांदीवर बसून चहूंकडे मान फिरवीत होता. काही वेळाने दुसरा उडून वर गेला, तेव्हा पहिला चरावयास खाली आला. एकाने जागावे आणि बाकीच्यांनी निर्धास्त खावे, मग पाळी बदलावी, अशी त्यांची रीत आहे. एका घरट्यातील पिलांस कळपातील इतरही चारा भरवितात. आम्ही मनात म्हटले, पाळीची गोष्ट या पाखरांस साधली. विहिरीच्या पाळीवरून भांडणाऱ्या आम्हां दोघां भावांस साधली नाही. हे मनात आले खरे, पण आम्ही ते तेथेच दाबून टाकिले.

इतक्यात फांदीवरचा पहारेकरी कर्कश ओरडला. सारे सातभाई एकदम वर उडाले व एकच गिल्ला झाला. पाहतो तो, एक बोका पोटावर सरपटत वांग्याच्या वाफ्याकडे निघाला होता. शिंप्याची जोडी त्याच्या डोक्यावर ओरडत फिरत होती. मुठीत मावेल एवढा जीव, पण आवाज केवढा! आम्ही ढेकूळ उचलून उठलो. त्याच क्षणी बांधाच्या पलीकडून जमिनीवर काठी आपटल्याचा आवाज झाला. बोका कुंपणातून पळाला. वर पाहिले, तो काठी हाती घेऊन वडील बंधू उभे! नाताळापासून प्रथमच आम्ही समोरासमोर आलो. त्यांनी आमच्याकडे पाहिले, घरट्याकडे पाहिले, मग लिंबाकडे पाहिले. आणि काही न बोलता ते आत गेले.

बंधुभगिनींनो, ढेकूळ हातात तसेच राहिले, आणि पवित्र शास्त्रातील एक प्रश्न आमच्यापुढे येऊन उभा राहिला. देवाने पहिल्या मनुष्यास एदेन बागेत ठेविले, तेव्हा दोन कामे सांगितली: एक मशागत, दुसरे राखण. मशागत आपणांस ठाऊक आहे. खणणे, पेरणे, कापणे, कुटुंबाचे पोट भरणे, याचा अभिमान धरावा असे आपले गावकरी आहेत. राखण म्हणजे काय? राखण म्हणजे जे आपण केले नाही, जे आपल्या एकट्यासाठी नाही, त्यावर प्रीतीने लक्ष ठेवणे. मशागतीत हात चालतात. राखणीत आधी डोळे उघडावे लागतात.

पुढे दोनच अध्यायांनंतर काइन येतो. तो शेतकरी होता, हे शास्त्र आवर्जून सांगते. त्याने जमीन कसली, पीक काढिले, देवापुढे अर्पणही आणिले. मशागतीत त्याचा दोष सांगितलेला नाही. परंतु देवाने त्यास त्याच्या भावाविषयी विचारिले, तेव्हा भावाची राखण करणे हे आपले काम आहे काय, असा त्याने उलट प्रश्न केला. मूळ इब्री भाषेत एदेन बाग राखण्याविषयी जो शब्द आहे, त्याच धातूचा शब्द येथे काइनाच्या तोंडी आहे. एकशे एकविसाव्या स्तोत्रात परमेश्वर आपला राखणारा आहे असे म्हटले आहे, तेथेही तोच धातू. म्हणजे देव स्वतः जे काम रात्रंदिवस न झोपता करितो, तेच त्याने मनुष्यास बागेत सोपविले. आणि काइन विचारतो, ते माझे काम आहे काय? बागेत अर्धी आज्ञा पाळणाऱ्याने घरात भाऊ गमाविला.

आम्ही काइनाविषयी किती वेळा उपदेश केला असेल! पण त्या दुपारी आम्हांस कळले की, एका पाखराच्या तीन पिलांसाठी ढेकूळ उचलून धावणारे आम्ही, ज्या भावाबरोबर एका आईच्या मांडीवर वाढलो, त्याच्या अंतःकरणाची राखण चार महिने टाकून बसलो होतो. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभूने सांगितले आहे की, वेदीपाशी दान आणिले असता भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर दान तेथेच ठेवून आधी समेट करावा. आम्हांस ते रविवारी आठवले नव्हते असे नाही. आठवले होते, आणि तरीही आम्ही हात पुढे केला होता.

संध्याकाळी उन्हे उतरल्यावर आम्ही बांध ओलांडला. चार पावलांची वाट, पण ती फार लांब वाटली. बंधू ओट्यावर बसले होते. आम्ही म्हटले, "दादा, उद्याच्या माणसाला येऊ नको म्हणून निरोप धाडला."

ते म्हणाले, "कोणता माणूस?"

त्यांस काहीच ठाऊक नव्हते. तेव्हा सर्व सांगावे लागले: त्यांच्या पाठीमागे आम्ही काय ठरविले होते, आणि ते ठरवून रविवारी प्रभूच्या मेजापाशी कसे बसलो. ते ऐकून त्यांचा चेहरा कठोर झाला. बराच वेळ ते बोलले नाहीत. शेवटी ओट्यावर हात थोपटून म्हणाले, "ये, बस."

वहिनींनी चहा आणिला. मग वांग्यावरच्या घरट्याची गोष्ट निघाली. दादा म्हणाले, "तो कापूस आमचा आहे. वीसेक दिवसांमागे तुझ्या वहिनीनं उशीचा कापूस उन्हात टाकला होता. ती पाखरं तोंडात धरून तुझ्याकडं नेत होती. मी रोज बघत होतो."

पान आमच्या परसातले, धागा त्यांच्या परसातला! जो बांध आम्हां दोघां शहाण्या माणसांस ओलांडता येईना, त्याच्या वरून ते पाखरू दिवसातून वीस वेळा ये-जा करीत होते, आणि त्याने दोन्हीकडचे घेऊन एक घर शिविले होते.

कोणी असे समजू नये की, एका संध्याकाळी सर्व मिटले. विहिरीच्या पाळीस पुढे दोन बैठका लागल्या, आणि दोन वडील मंडळींस मध्ये बसावे लागले. लिंब मात्र उभा आहे. त्याच्या खालच्या दोन फांद्या आम्ही दोघांनी मिळून उतरविल्या, आणि आमचा वाफा पाच हात पश्चिमेस सरकविला. हे पहिल्या दिवशीही करता आले असते.

पिलांचे काय झाले, असे मुले विचारतील. आठव्या दिवशी वळवाचा वारा सुटला व गारांचा सडा पडला. सकाळी एक पिलू वाफ्यात मरून पडलेले दिसले. उरलेली दोन पुढे उडाली. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. मत्तयाच्या दहाव्या अध्यायात प्रभू चिमण्यांविषयी बोलतो, तेव्हा चिमणी भुईवर पडणारच नाही, असे तो म्हणत नाही. तिचे पडणेही पित्यापासून दूर, त्याच्या नजरेबाहेर घडत नाही, असे तो म्हणतो. आपल्यापैकी ज्यांच्या घरी यंदा मूल दगावले, ज्यांचे पीक गारांनी झोपविले, त्यांस आम्ही खोटे आश्वासन देणार नाही. देवाची राखण म्हणजे वादळ येणार नाही असे नव्हे. त्या वादळात कोणी नजरेआड होणार नाही, असे आहे.

आता राखण सोडिली म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण घ्या. आपल्या लहानपणी गावाबाहेर मेलेल्या जनावराभोवती गिधाडांची झुंबड पडत असे. आज पुष्कळ गावांतील मुलांनी गिधाड पाहिलेले नाही. 1990 नंतरच्या थोड्याच वर्षांत या देशातील गिधाडांच्या तीन जाती शेकडा 95 हून अधिक घटल्या. त्यांस कोणी दगड मारिले नव्हते. डायक्लोफिनॅक नावाचे वेदना शमविणारे औषध आपण आजारी गुरांस देत होतो. ते गुरू मेल्यावर त्याचे मांस खाणाऱ्या गिधाडांचे मूत्रपिंड त्याने निकामी होत असे. 2004 साली हे कारण उघडकीस आले, आणि 2006 साली जनावरांसाठी त्या औषधाची बंदी झाली. औषध देणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. पण आपल्या हातून सुटलेली वस्तू पुढे कोठवर जाते, हे फार उशिरा पाहिले गेले. भावास बोललेला शब्दही असाच असतो. आपण तो बोलून विसरतो. तो कोणाच्या पोटात जाऊन काय करितो, हे आपण पाहत नाही.

यास्तव वाचकांस आमची विनंती अशी आहे. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभूने पाखरांकडे पाहावयास सांगितले, तो मूळ शब्द निरखून पाहण्याचा आहे. ती एक आज्ञा आहे, आणि पैशावाचून पाळता येण्यासारखी आहे. शाळा चालविणाऱ्या उपदेशक बंधूंनी या चैत्र-वैशाखात एखाद्या रविवारी सायंकाळी मुलांस झाडाखाली नेऊन अर्धा तास न बोलता बसवावे, व मग कोणी काय पाहिले ते विचारावे. दारी एका उथळ परळात पाणी ठेवावे. ते रोज बदलावे, आणि त्यात एक खडा टाकावा, म्हणजे मधमाश्या बुडावयाच्या नाहीत. वांग्याचे किडके शेंडे आरंभीच खुडून नष्ट करावे, म्हणजे विषारी फवाऱ्याची गरज कमी पडेल. घरटे आढळल्यास त्यास हात न लाविता दुरून पाहावे. या लहान गोष्टी आहेत. पण ज्यास थोड्यावर विश्वासू राहता येत नाही, त्याच्या हाती पुष्कळ कसे द्यावे?

आणि पाहून झाल्यावर बांधापलीकडेही एकदा पाहावे. तेथे कोणी आहे काय, ज्याच्याशी तुम्ही बोलत नाही? भाऊ, जाऊ, शेजारी, मंडळीतील कोणी वडील? कोणत्या लिंबावरून ते भांडण आहे? आणि तुमचा मंगळवार केव्हा येणार आहे?

प्रभूस ज्या ठिकाणी वधस्तंभावर खिळिले तेथे एक बाग होती, आणि त्याच बागेत त्याची कबर होती. तिसऱ्या दिवशी पहाटे मग्दालीया मरीया तेथे रडत उभी असता तिने उठलेल्या प्रभूस पाहिले, आणि तो माळी आहे असे तिला वाटले. तिची चूक झाली, असे आपण म्हणतो. पण विचार करा, ती फारशी चुकली होती काय? पहिल्या आदामाने जी राखण टाकिली, काइनाने जी नाकारिली, ती पुन्हा हाती घेणारा दुसरा आदाम त्या पहाटे बागेत उभा होता. त्याने तिला नावाने हाक मारिली. ज्याची राखण करावयाची त्याचे नाव ठाऊक असणे, हीच चांगल्या माळ्याची खूण होय.

हे स्वर्गीय पित्या, तू आमच्या हाती कुदळ दिलीस, तशी आमच्या डोळ्यांस दृष्टी दे. आम्ही जे पेरितो त्याची मशागत आणि तू जे पेरिलेस त्याची राखण आमच्याकडून घडू दे. जे बांध आम्ही घातले ते ओलांडण्याचे धैर्य दे, आणि आमचा भाऊ कोठे आहे असे तू विचारशील, तेव्हा तो आमच्या शेजारी बसलेला तुला आढळो. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.